शेवंतीमावशीचे अळसांदे आणि माझी मोजपट्टी

इब्रामपूर, ६ जानेवारी

प्रिय विमलाआत्या,

साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे या थंडीत कसे आहेत? मयेच्या तळ्यावरून येणाऱ्या वाऱ्याला खिडकी लावून घेतेस ना? मी बरी आहे. द्राक्षांचे तीनशे वेलही बरे आहेत (नेमके सांगायचे तर दोनशे सत्त्याण्णव, तीन माकडांनी उपटले).

थंडीत इथे मातीचीच कामे. पावसाने आंबट झालेल्या जांभ्या जमिनीत चुना मिसळायचा, बुंध्याशी पाला पसरायचा. ओळींमधले पट्टे मात्र मी मुद्दाम उघडे ठेवले होते, कारण तिथली ओल मोजायची होती. तू कामाला पाठवलेल्या तुझ्या बालमैत्रिणीला, शेवंतीमावशीला, हे मी आकृती काढून समजावले. तिने आकृती पाहिली आणि म्हणाली, "बाय, उघडी जमीन माका बघवणा नाय गो."

नंतर मी महिनाभर प्रयोगशाळेत नमुने तपासत बसले. परतले तर अर्ध्या पट्ट्यांत अळसांदे, म्हणजे आपली गावठी चवळी, गुडघाभर! भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आपले लोक पेरतात, तसेच. रागावले की मी वहीत नोंद करते. "तण व्यवस्थापन" असे लिहून उपटायला लागले. मावशी बांधावर चहा पीत बघत होती. "उपट, उपट. पुस्तकात लिवलेला आसतला," म्हणाली, आणि कोयता उचलून घरी गेली.

तिसऱ्या ओळीत एक रोप मातीसकट वर आले. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. एक नखाने फोडली, तर आत गुलाबी. आत्या, हवेतला नत्र मातीत बांधणाऱ्या या गाठींची आकृती मी परीक्षेत काढली आहे, दहापैकी दहा गुण मिळाले आहेत. पण प्रत्यक्ष, आपल्याच लाल मातीत, ओल्या आणि जिवंत, कधी पाहिल्या नव्हत्या. खाली माती रव्यासारखी सुटी. गांडुळे. पांढऱ्या बुरशीचे धागे, कोणी रात्रभर विणत बसल्यासारखे. उघड्या पट्ट्यात ओल नऊ टक्के, इथे सतरा. दोनदा मोजली. मग ओलमापक आणि मोजपट्टी बाजूला ठेवून अर्धा तास नुसती बसून राहिले. माझ्या वहीत त्या अर्ध्या तासाची नोंद नाही.

संध्याकाळी उपटलेली एकशे बारा रोपे दोरी लावून, सरळ ओळीत परत लावली. तीन जगली.

बाकी सर्व ठीक.

तुझी भाची (निदान हे पत्र वाचेपर्यंत तरी),
तनया

ता. क. मावशी चार दिवस कामावर आलेली नाही. ओल आहे तोवर शेणखत मातीत जायला हवे, आणि ते कुठे किती घालायचे हे आता मला तिलाच विचारायचे आहे. तू तिला फोन कर. मी तीनदा केला. तिने उचलला की मी पाण्याच्या पाइपाबद्दल बोलते आणि ठेवते.

ता. क. २. मी माफी मागितली असे सांगू नकोस. बी कुठले होते एवढेच विचारते आहे, असे सांग.

ता. क. ३. ते बी तिने तुझ्याकडूनच नेले होते, हे आत्ताच आईने सांगितले. तेव्हा माफी मागते असेच सांग. दोघींची.