पाळणा दुकानातच राहू दे

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
९ फेब्रुवारी

हिलरी विहीणबाई,

जय येशू. आम्ही बरे. नेल्सन बारीक झालाय, पण तुमच्या मुलाला मी उपाशी ठेवत नाही, तोच ऑफिसात डबा खात नाही.

मी हल्ली एका ज्यू कुटुंबात स्वयंपाकाला जाते. न्यूयॉर्कची माणसं. मटणाची भांडी वेगळी, दुधाची वेगळी, आणि गॅस पेटवायचा त्यांच्यातल्याच कुणीतरी. फोडणी माझी, काडी त्यांची! घरातली ब्लूमा आजी गॅस पेटवते आणि वर तोंडही चालवते. तिची भाषा यिडिश. त्यात विहिणीला ‘मखतेनेस्ते’ म्हणतात. इंग्लिशमध्ये असा शब्दच नाही म्हणे! मी म्हटलं, आमच्यात आहे, पण माझी विहीण माझ्याशी बोलत नाही. आजी म्हणाली, “मग नातं पक्कं आहे. परक्यावर कोण रुसतं?”

माझी वेन्डी फोन उचलत नाही म्हणून तुम्ही रागावलात. रागवा. पण दर वेळी पहिला प्रश्न “काही गोड बातमी?” असला तर कोण उचलेल?

परवा वेन्डी मला न्यायला त्या घरी आली. कांदा परतत होते, तर नाक दाबून बाहेर पळाली. आजीने तिच्याकडे नीट बघितलं आणि तीनदा थुंकल्यासारखं केलं. “टफू टफू टफू, किनेहोरा.” म्हणजे दृष्ट न लागो. बस्स. अभिनंदन नाही, मिठी नाही. मी विचारलं, हे कसलं हो? तर त्यांच्यात बाळ हातात येईपर्यंत कुणी अभिनंदन करत नाही, झबलंसुद्धा घरात आणत नाहीत. पाळणा पसंत करून दुकानातच ठेवतात. “देवाला आपला बेत ऐकवू नये,” म्हणाली, “तो आधीच हसत बसलाय.”

टॅक्सीत वेन्डी म्हणाली, “मम्मा, आय लाइक हर. शी डिडन्ट आस्क एनीथिंग.” आणि रडली. गेल्या वर्षानंतर पहिल्यांदा.

गेल्या वर्षी तुम्ही कार्गोने पाळणा पाठवलात. मायेने पाठवलात, ठाऊक आहे. बाळ पोटातच गेलं आणि पाळणा हॉलमध्ये राहिला. बाथरूमला जायचं तरी तिला त्याच्या बाजूनेच जावं लागायचं. तुम्हाला हे कोण सांगणार? घ्या, मी सांगितलं.

बाकी मी काहीही कळवलेलं नाही, ध्यानात ठेवा. दोघांनी मला शपथ घातलीय. पण ईस्टर झाला की या. हात हलवत या. काही विचारू नका, नावं सुचवू नका, नुसत्या तिच्या शेजारी बसा. एकटीने ही वाट बघणं मला जमत नाही.

तुमच्याइतकीच घाबरलेली,
अ‍ॅलिस