अर्ध्या हळकुंडाची बारा गाणी

मी, प्रज्ञेश जळबा खिल्लारे, वय बावन्न, धंदा मोटार रिवायंडिंग, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघडले आहे ते हृदय, आणि त्याचे ऑपरेशन सोमवारी, १७ तारखेला, नांदेडला आहे. कोणाची जबरदस्ती नाही, उलट पत्नी राणी म्हणते, "असलं अभद्र लिहू नका." तरी लिहितो. घरादाराची मला काळजी नाही, पण माझ्याजवळ एक कॅसेट आहे आणि एका माणसाशी माझे चोवीस वर्षांपासून बोलणे नाही. या दोन्हींचा निकाल लावल्याशिवाय मला टेबलावर झोपायचे नाही.

कलम १. राहते घर, बँकेतली ठेव आणि पोस्टातले खाते राणीचे. कुंपणालगतच्या हातभर जागेसाठी माझा चुलत भाऊ उकंडराव वीस वर्षे भांडतो आहे. ती त्याला देऊन टाकावी. तिथे मी लावलेला शेवगासुद्धा जगला नाही, त्याचे काय उगवते ते त्याने बघावे.

कलम २. दुकान, वायंडिंगचे मशीन, तांब्याची तार आणि सगळी हत्यारे मुलगी करुणा हिला. ती माझ्यापेक्षा नीट वायंडिंग करते. गिऱ्हाईक "बाबा कुठं गेले?" असे विचारते आणि मोटार तिच्याच हातून नेते, हे मी पाहिले आहे. दुकानाच्या पाटीवर आता तिचे नाव घालावे.

कलम ३. गिटारही करुणाला. तिसरी तार नेहमी उतरते, ती वाजवण्याआधी ओढून घ्यावी.

कलम ४. यात देण्याघेण्याचे काही नाही, पण हे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही.

वसमतला कॉलेजात असताना मी आणि लालसिंग प्रेमदास राठोड या मित्राने एक बँड काढला. मी गिटार वाजवून गात असे, तो ड्रम वाजवी. आम्ही रॉक वाजवायचो, मराठीत, आपल्याकडच्या गोष्टींवर. हळद शिजवतानाच्या वाफेवर एक गाणे होते. सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडल्यावर खालच्या गावांत जी धावपळ होते, तिच्यावर एक. न येणाऱ्या एसटीवर तर दोन. पहिल्या कार्यक्रमाला तेवीस माणसे आली, तेव्हा आम्हाला आभाळ ठेंगणे झाले. माझे वडील जळबा म्हणाले, "अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले रे तुमी!" आम्ही बँडचे नाव तेच ठेवले, अर्धं हळकुंड.

९६ सालच्या वैशाखात वडिलांच्या छातीत कळ आली. जीपने नांदेडला नेताना वाटेत इंजिन तापले. मी कालव्यावर पाणी आणायला धावलो. परत आलो तोवर ते गेले होते. त्यांचे डोके लालसिंगच्या मांडीवर होते. तो वडिलांना मामा म्हणे. एवढेच म्हणाला, "मामानं इचारलं, गाडी काहून थांबली?" त्या प्रश्नावर मी गाणे लिहिले. माझ्या आयुष्यातले सर्वांत संथ गाणे.

पुढच्या मार्चमध्ये लालसिंगच्या तांड्यावर, त्यांच्या हळदीच्या खळ्यात, आम्ही बारा गाणी रेकॉर्ड केली. लोडशेडिंग होते. अँप्लिफायर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालवला. टेपरेकॉर्डर त्याच बॅटरीला जोडला की गाण्यात घूंऽ असा आवाज येई, म्हणून तो सेलवर. नवे सेल आणायचे काम लालसिंगचे होते. त्याने घरातलेच जुने सेल दोन दिवस हळदीसोबत उन्हात वाळवले. आपल्याकडे सगळेच वाळवतात, आणि ऊन खाल्लेले सेल घटकाभर चालतातही. अकरा गाणी व्यवस्थित झाली. बाराव्याला सेलनी मान टाकली. टेप हळू फिरत राहिली, आणि आम्हाला पत्ता नाही. वसमतच्या एका दुकानात नव्या सेलवर ऐकले, तर हळू भरलेले ते माझे संथ गाणे टणाटण पळत होते आणि माझा आवाज बाईसारखा झाला होता.

मी नको म्हणत असताना दुकानदाराने त्याच्या प्रती काढल्या. सहा महिन्यांत 'काहून थांबली गाडी' हिंगोली, परभणी, नांदेडच्या प्रत्येक वरातीत वाजू लागले. नवरदेवाची गाडी मांडवापाशी थांबली की हेच गाणे. लोक विचारत, "गायली कोन ही पोरगी?" माझ्या बापाच्या मरणावर अख्खा मुलूख रुमाल उडवून नाचत होता. बाकीची अकरा गाणी कोणी ऐकलीही नाहीत. मला त्याचा राग आला होता, आजही येतो.

२००१ साली वसमतच्या कार्यक्रमात मी ते गाणे हट्टाने संथ गायलो. लोक ओरडले, "जल्दी वाजवा!" मागून लालसिंगने जल्द ठेका धरला. मी गिटार खाली ठेवली आणि माइकवर म्हणालो, "हा वरातीतला बाजेवाला आहे, याला तिकडंच पाठवा." लोक हसले. लालसिंगने काठ्या उचलल्या आणि गेला. आमचा बँड तिथेच संपला. नंतर बाळापूरच्या बाजारात तो कितीदा समोर आला, आणि दर वेळी मी वांगी निवडत उभा राहिलो.

कलम ५. मूळ कॅसेट लालसिंग प्रेमदास राठोड यास द्यावी. डीजेवाले ती मागत आहेत, त्यांना अजिबात देऊ नये. अकरा गाण्यांत अर्धा जीव लालसिंगचा आहे. अट एकच: बारावे गाणे त्याने एकदा तरी संथ वाजवावे. आणि त्याला सांगावे की माइकवर बोललो ते हलकट बोललो. हे तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून कागदाने सांगतो.

कलम ६. माझ्या अंत्ययात्रेत किंवा पुण्यानुमोदनाच्या दिवशी ते पळते गाणे कोणीही वाजवू नये.

येथवर रविवारी लिहिले. पुढचे बुधवारी, दिनांक १२ रोजी लिहीत आहे, कारण करुणाने कागद वाचला आणि मला न विचारता लालसिंगला फोन केला. आज सकाळी तो दुकानात आला. केस सगळे पांढरे. बसला नाही. मी कागद पुढे केला, त्याने उभ्यानेच वाचला.

"मेल्यावर माफी मागतो व्हय रे? जित्तेपनी काय तकलीफ व्हती?"

मी म्हणालो, "चुकलं माझं, लालसिंग." तोंडाने म्हणालो, याची नोंद असावी.

तो खाली बसला. मग म्हणाला, "तुला म्या अर्धंच सांगलं व्हतं. मामानं इचारलं, गाडी काहून थांबली? तवा मला काय सुचंना. म्या म्हनलं, वरात आडवी आली, मामा. तर हासले रे ते. मह्या गुडघ्यावर बोटानं ठेका धरला. चांगला जल्द. अन् तसंच वाजवता वाजवता गेले."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"मरत्या मानसाला लबाड बोललो, त्याची लाज वाटली. अन् तू गीत घेऊन आला, त्यात मामा एकटेच व्हते. मंग कसं सांगू? त्या दिशी स्टेजवर म्या लोकायसाठी न्हाई वाजवलं. मामाचा ठेका व्हता तो."

मी दुकानात, गिऱ्हाइकांसमोर रडलो. वडील घाबरून आणि एकटे गेले, असे मी एकोणतीस वर्षे धरून चाललो होतो. ते हसत गेले. माझ्या छातीवरचा हा भार कोणत्याही ऑपरेशनने उतरला नसता.

कलम ७. म्हणून कलम ६ रद्द. कोणाला नाचायचे असेल तर नाचावे. जळबा खिल्लारे स्वतः कोणत्याही वरातीत मागे राहत नसत.

कलम ५ सुद्धा रद्द, पण वेगळ्या कारणाने. मला दोन साक्षीदार हवे होते. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नका, उद्या कोणी शंका काढेल. लालसिंग म्हणाला, "मला वाटनीत नको घालू. साक्षीला घे." तेव्हा कॅसेट मृत्युपत्रातून काढली आणि आजच, जिवंतपणी, त्याच्या हातात दिली. तिच्यावरून करुणाने अकरा गाणी मोबाइलवर उतरवून जगासाठी खुली केली आहेत. दुपारपर्यंत ती एकतीस जणांनी ऐकली. पहिल्या कार्यक्रमापेक्षा आठ जास्त. बारावे आम्ही दोघे नव्याने रेकॉर्ड करणार आहोत. संथ की जल्द, यावर दुकानातच भांडण झाले आणि ते मिटलेले नाही.

वरील खाडाखोड माझीच आहे. मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

ठिकाण: आखाडा बाळापूर
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५
(सही) प्रज्ञेश जळबा खिल्लारे

साक्षीदार १: (सही) संतराम नामदेव कांबळे, निवृत्त पोस्टमन, आखाडा बाळापूर. लिहून देणाऱ्याने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: (सही) लालसिंग प्रेमदास राठोड, शेती व ड्रम, तालुका वसमत. मह्या समोर सही केली. डोकं बराबर हाय. होळीनंतर तालीम हाय, त्याच्या आधी मेला तर गाठ मह्याशी हाय.