भुसा आणि सरस

अप्पा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला लिहावंसं कधी वाटलं नाही. आज वाटतंय, कारण गोष्ट लाकडाची आहे आणि लाकडातलं कळणारं आमच्या घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

इथे सिडनीत, ब्लॅकटाउनला, आमच्या घरामागे डेक होता. डेक म्हणजे मागच्या दाराला लागून लाकडी ओटा. जमीन उताराची, त्यामुळे कुंपणाकडची बाजू कमरेइतकी उंच. तो ह्यांनी, तुमच्या जावयांनी, नोकरी संपल्यावर एका उन्हाळ्यात स्वतः बांधला. सगळा जन्म ऑफिसात गेलेला माणूस. फळ्यांखालच्या तुळया कापताना मला विचारायचे, "काय सुतारकन्ये, जमतंय का?" मी म्हणायची, "अप्पा असते तर करवत हिसकावून घेतली असती." दर वर्षी ते डेकला तेल लावायचे. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर तेल कोणी लावलं नाही. अर्धा भरलेला डबा गराजमध्ये माझ्या डोळ्यांसमोर होता, मीच हात लावला नाही.

यंदा फळ्या कुरकुरायला लागल्या. मुलगा म्हणाला, "आई, सगळं काढून नवीन करू. आता प्लास्टिक घातलेल्या फळ्या मिळतात, मेन्टेनन्स झीरो." मी म्हटलं, फळ्या बदल, तुळया राहू देत. शेवटी चिपीला बोलवायचं ठरलं. इथे सुताराला चिपी म्हणतात. तुळया धड निघाल्या तर दुरुस्ती, नाहीतर सगळं पाडायचं. तो येण्याच्या आठ दिवस आधी, घरात कोणी नसताना, मी या वयात सरपटत डेकखाली गेले आणि तुम्ही शिकवलंत तसा पेचकस टोचत गेले. भिंतीकडच्या तुळईत तो पार मुठीपर्यंत आत गेला.

तिथे मातीत पडल्या पडल्या मला तो पाळणा आठवला. मी दहा वर्षांची आहे. गिऱ्हाईक पाळणा दुरुस्तीला टाकून गेलंय, त्याचा एक पाय आतून कुजलाय. तुम्ही जेवायला गेला आहात तेवढ्यात मी भुसा आणि सरस कालवते आणि तो पाय असा बुजवते की ओळखू येऊ नये. मला वाटतंय, शाबासकी मिळणार. तुम्ही येता, बोटाने टकटक करता, पाय गुडघ्यावर धरून मोडता. "पोर पडलं असतं." एवढंच. मग दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली, पुढचं मी खिळे ज्यांत बांधून यायचे त्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवर वाचत वाचत शिकले. पण हा धडा कागदावरचा नव्हता.

आणि अप्पा, मी पुन्हा तेच केलं. गराजमध्ये ह्यांच्या उरलेल्या लाकडाचा तुकडा होता, रंग जुळावा म्हणून त्याचाच भुसा पाडला. इथला गोंद आपल्या सरसापेक्षा घट्ट धरतो. ताजं वाटू नये म्हणून वर तेल चोळलं, माती फासली. त्याच डेकवर माझी सात वर्षांची नात रोज दोरीवरच्या उड्या मारायची. हे मला त्या वेळी आठवलं नाही, असं मी म्हणणार नाही.

चिपीने हातोडीने ठोकत ठोकत येऊन बरोबर तिथेच हात थांबवला. पटाशीने माझं काम खरवडलं, काळा लगदा खाली पडला. तो मुलाकडे बघून हसला. "मस्त बुजवलंय, मेट. ज्याने केलं त्याला कूज दिसली होती." मुलगा वाकून बघत राहिला. मग म्हणाला, "बाबांशिवाय कोण करणार? माझी मुलगी इथे रांगायला शिकली, आई. तेव्हा ते होते. माहीत असून त्यांनी झाकलं?" त्याने माझ्याकडे वळून विचारलं, "तुला माहीत होतं?"

"नाही," मी म्हटलं.

परवा डेक पाडला. बाकीच्या तुळया खणखणीत होत्या, चिपीने दोनदा तसं सांगितलं, पण मुलाला आता त्यातलं काहीच ठेवायचं नव्हतं. पूर्वी तो बाबांच्या गोष्टी सांगताना थकायचा नाही. काल जेवताना नातीने विचारलं, "डिड आजोबा बिल्ड इट राँग?" तो म्हणाला, "जेव." ह्यांनी कापलेल्या तुळया राखायला गेले आणि त्यांच्याच मुलाच्या मनातून त्यांना उतरवून बसले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. तुम्हाला सांगणं सोपं, तुम्ही फार तर बोलणं बंद कराल. ज्याला सांगायला हवं तो शेजारच्या खोलीत घरूनच काम करतोय, मध्ये फक्त भिंत आहे. आत्ता त्याने हाक मारून विचारलं, "आई, चहा घेणार?" मी हो म्हटलं. तेवढंच म्हटलं.