कमरेनं लोटलेलं दार

प्रिय ठमाबाई,

पत्र पोचलं. शेजारणीनं दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मी स्वतः अक्षर लावून वाचलं. तू तपासतेस त्या जुन्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली हिरव्या दोऱ्याची शिवण आहे म्हणतेस ना, ती माझी. काळा दोरा संपला होता. खाली कोण वाकून बघतंय म्हटलं, तर पन्नास वर्षांनी माझीच नात वाकली.

ती इटालियन गाडी म्हणजे दोन जुळ्या बहिणी गं. नाकडोळे एकसारखे. साधी होती ती लोखंडी पत्र्याची, अंगानं दणकट. शर्यतीवाली मात्र अॅल्युमिनियमची, मागच्या काचासुद्धा प्लास्टिकच्या, आणि सिलिंडर चार पण प्लग आठ. गॅरेजात तुझे आजोबा म्हणायचे, हिला हात लावायच्या आधी नखं काप. मला कसलं कळतंय, मी आपली सीटा शिवणारी.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दोन्ही हातांत सीटा होत्या. खाली ठेवायला जागा नव्हती. शर्यतीवालीचं दार उघडं होतं, ते लावून घ्यावं म्हटलं, आणि रोज सगळ्या गाड्यांना करते तसं कमरेनं लोटलं. लोखंडाला काही होत नसे. हे दार चेपलं की पातेल्यासारखं. मागे ठोकर खाल्लेली साधी बहीण उभी होती, ह्यांनी तिचं लोखंडी दार काढून रात्रीत हिला बसवलं, रंग दिला. गाडीच्या मालकाला म्हणाले, माझ्या हातून हातोडा निसटला, म्हणून दार बदललं. मालक जन्मभर ह्यांना धांदरट म्हणत राहिला आणि हे हसत राहिले. मीही गप्प बसले. ते चुकलंच माझं.

तुझे साहेब म्हणतात, त्या एका दाराला चुंबक चिकटतो, दार लोखंडी आहे, म्हणजे साध्या गाडीवर हलका पत्रा चढवलाय, सोमवारी नक्कल म्हणून कागद करायचा. करू देऊ नकोस. ह्यांनी ते चेपलेलं दार दोन वर्षं फावल्या वेळात लाकडी हातोडीनं सरळ केलं. तोवर मालकानं गाडी विकली होती. दार माझ्या कपाटामागे गोधडीत गुंडाळून उभं आहे. हे गेल्यावर भंगारवाला दोनदा विचारून गेला, दिलं नाही. रविवारी ये, घेऊन जा, बसव. बिजागऱ्या जुळतील, ह्यांनी मापून ठेवल्यात. आणि साहेबांना माझं नाव सांग. धांदरट मी होते.

वाट बघत बसलेली तुझीच,
आजी