सेलच्या घड्याळाला चावी

१२ फेब्रुवारी, सकाळी १०.१७

चि. बबीस अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. मालिकेच्या ऑफिसात कागदपत्रं बघते म्हणतेस, म्हणजे नक्की काय बघतेस ते तिसऱ्या पत्रातही कळलं नाही. वीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीस, मानाने बसली होतीस, आणि सेहेचाळिसाव्या वर्षी उठून टीव्हीवाल्यांकडे गेलीस. पण तो विषय मी पुन्हा काढणार नाही. काढला खरा, पण आता संपला.

तुमच्या मालिकेने मात्र माझ्या दुकानात धुमाकूळ घातलाय. ती ज्याच्यावर काढलीय त्या डावऱ्या हेराचे पाचही जुने सिनेमे इथे लोकांना तोंडपाठ, त्यामुळे जो तो परीक्षक. शेजारचा चष्मेवाला म्हणतो, सिनेमातला हेर गच्चीवरून उडी टाकायचा, हा लिफ्टची वाट बघत उभा राहतो. पोस्टातल्या बाई म्हणतात, बरंय की, गुडघे तरी शाबूत राहतील. तुझ्या वहिनीला हेराचं काही पडलेलं नाही, तिला त्याची साहेबीण आवडते. तिने फोन उचलून नुसतं हं म्हटलं तरी ही खुर्चीत सावरून बसते. न्हावी तर उघड उघड खलनायकाच्या बाजूचा. इतके नीट विंचरलेले केस असलेला माणूस मनाने वाईट असूच शकत नाही, असं त्याचं म्हणणं.

मी हातात घड्याळ घेऊन बघतो. परवाचा तिसरा भाग बावन्न मिनिटांचा, त्यात अकरा मिनिटं जाहिराती. मालिका मला आवडली, लपवत नाही. पण त्या भागात एक असा गाढवपणा आहे की माझा चहा तसाच गार झाला. तो कोणता ते तुला सांगून उपयोग नाही, तू कागदपत्रांतली. जिथे सांगायचं तिथे सांगून मोकळा झालोय.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माझा राग आला तरी पत्र लिहिणं थांबवू नकोस.

तुझा
दादा

ता. क. बबी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलंय म्हणून ह्या दोन ओळी. ह्यांनी काल वाहिनीला चांगलं दोन पानी पत्र धाडलंय. खाली सही म्हणे ‘एक प्रेक्षक’. तेव्हापासून स्वारी लढाई जिंकून आल्यासारखी वावरतेय. तुझ्या कानावर असावं. – वहिनी


१८ फेब्रुवारी

ती. दादास सा. न. वि. वि.

न्हाव्याचं मत मी इथे पोचवलं. खलनायकाचं काम करणारे गृहस्थ इतके खूश झाले की दिवसभर आरशासमोरून हलले नाहीत.

दर सोमवारी इथे प्रेक्षकांची पत्रं मोठ्याने वाचली जातात. लांबलचक टेबलाभोवती सगळे बसतात, मध्ये दिग्दर्शिका बाई. वाचायचं काम माझ्याकडे, कारण छापखान्याच्या कृपेने मला कुणाचंही अक्षर लागतं. परवा एका आजोबांनी हेराला थंडीत स्वेटर घालायला सांगितलंय. एका नर्सने कळवलंय की त्याच्या खांद्यावरची पट्टी उत्तम बांधली आहे, तिने स्वतः बांधली असती तरी याहून चांगली बांधली नसती. पट्टीचं ऐकून मी मनातल्या मनात फुगले. कारण पुढे येईलच.

मग एक दोन पानी पत्र हाती आलं. हेर मोहिमेवर निघताना घड्याळाला चावी देतो, कॅमेरा जवळ जातो, आणि सेकंदकाटा टुणटुण उड्या मारतो. चावीच्या घड्याळाचा काटा सरकत जातो, सेकंदाला एक उडी मारतो तो सेलच्या घड्याळाचा. सेलच्या घड्याळाला चावी देणारा हेर देश काय वाचवणार, असं विचारून शेवटी लिहिलं होतं की हे काम ज्याच्याकडे असेल त्याला आधी घरी पाठवा.

दादा, ते काम माझ्याकडे आहे. मी कंटिन्युइटी बघते. एका दृश्यात कप डाव्या हाताला असेल तर पुढच्या दृश्यात तो तिथेच, तितकाच भरलेला हवा. पट्टी, रुमाल, केसांचा भांग, घड्याळ, सगळं वहीत टिपून जुळवायचं. तुला सांगितलं नाही, कारण कपबशा राखायला छापखाना सोडलास का, असं तू विचारलं असतंस.

आता ऐक आणि हस. हेराचं खरं घड्याळ म्हणजे सिनेमातलंच जुनं, चावीचं. त्याला रोज सकाळी चावी द्यायचं काम माझं. त्या दिवशी विसरले. ऐन वेळी ते बंद दिसलं आणि मला वाटलं, बिघडलं. मेकअपवाल्याचं घड्याळ तस्संच दिसत होतं, ते हेराच्या मनगटावर बांधून दिलं आणि कुणाला बोलले नाही. संध्याकाळी जुन्याला चावी देऊन पाहिली तर ते सुरळीत चालायला लागलं. घड्याळजीची बहीण ना मी!

मी इथे तात्पुरती आहे. मालिका संपत आली की पुढच्या वर्षी कोण राहणार ते बाई ठरवतील. मला राहायचंय, दादा. छापखान्यात मी नोकरी केली. इथे मला सकाळी उठून जावंसं वाटतं. ते पत्र मला गठ्ठ्याखाली सरकवता आलं असतं. पहिल्या दोन ओळींतच कळलं होतं कुठे चाललंय ते. पण सगळं वाचलं, घरी पाठवा हे वाक्यसुद्धा, आणि ही चूक माझी असं सांगितलं. बाईंनी वहीत काहीतरी लिहून पुढचं पत्र मागितलं.

त्या पत्राखाली सही ‘एक प्रेक्षक’ होती, पण अक्षर ओळखीचं होतं आणि तारखेशेजारी दुपारी ४.२३ अशी वेळ घातलेली होती. मिनिटासकट वेळ घालून पत्र लिहिणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

मी रागावलेले नाही. म्हणजे थोडी आहे. वहिनींना नमस्कार. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
बबी


२४ फेब्रुवारी, सकाळी ९.०२

चि. बबीस अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उघडलं आणि शटर अर्धं ओढून बसलो. तुझ्या वहिनीने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी बोलली ते ऐकून अबोलाच बरा होता असं वाटलं.

मला काय ठाऊक, ते ‘ज्याच्याकडे’ म्हणजे माझी बबी आहे ते? माझं चुकलं. तू काय काम करतेस ते तू सांगितलं नाहीस, कारण मी सांगण्याजोगा राहिलो नव्हतो. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

तरी एक सांगतो. पहिलं पत्र मी मागे घेणार नाही. काटा उड्या मारतो तो मारतोच. बहिणीसाठी मी त्याला सरकवू शकत नाही. पण दुपारी जुने भाग पुन्हा दाखवतात, ते चारही मी आणि तुझी वहिनी वही घेऊन, मी तर डोळ्याला भिंग लावून, पुन्हा बघितले. तसं सगळंच धूसर दिसतं म्हणून भिंग काढलं. जे काय आढळलं ते वाहिनीला कळवलंय. या वेळी सही पूर्ण नावाने केली आहे.

बरंवाईट जे होईल ते लगेच कळव. घर आहेच, आम्ही आहोतच.

तुझा
दादा


४ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

परवाच्या गठ्ठ्यात तुझं पत्र होतं. मी वाचायला घेतलं आणि दुसऱ्या परिच्छेदाला एकच ओळ तीनदा वाचली. बाईंनी ते माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं.

तू लिहिलंस की चूक काढायचीच असं ठरवून बसलास. कपातला चहा किती उतरला ते जुळलं. रुमालाची घडी जुळली. साहेबिणीच्या टेबलावरची पेन्सिल दर भागात झिजत झिजत अर्ध्यावर आली, हे तर सिनेमातही कुणी केलं नव्हतं. चार भागांत ती एक सोडून दुसरी चूक सापडली नाही. आणि शेवटी लिहिलंस, मी तिचा भाऊ आहे, म्हणून माझी स्तुती मोजू नका, तपासणी तेवढी मोजा. दादा, आयुष्यात तू मला एकदाही शाब्बास म्हटलेलं नाहीस. हेही म्हटलं नाहीसच, पण मला पुरलं.

बाई म्हणाल्या की त्यांचा निर्णय पहिल्याच पत्राच्या दिवशी झाला होता. स्वतःच्या विरुद्धचं पत्र जी बाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, तिच्याकडे त्या डोळे मिटून वही सोपवतील. तेव्हा वहीत त्यांनी माझं नावच लिहिलं होतं! आणि मी दोन आठवडे बॅग भरून ठेवली होती.

इथे तात्पुरत्यांची नावं दाखवत नाहीत. सतरा तारखेला शेवटच्या भागानंतर जी यादी सरकत जाते त्यात माझं असेल. भराभर जाते, लक्ष ठेव. आणि बाईंनी विचारलंय की पुढच्या वर्षी घड्याळाचं काही असलं तर तुला विचारलेलं चालेल का. मी सांगितलं, न विचारलेलंच चालणार नाही.

रोज सकाळी चावी देते. भेटीची वाट बघते.

तुझी
बबी


१८ मार्च, सकाळी ८.४०

चि. बबीस अ. उ. आ.

काल चष्मेवाला, पोस्टातल्या बाई, न्हावी सगळे आमच्याकडेच होते. हेर अखेर गच्चीवरून उडी मारतो तेव्हा चष्मेवाला खुर्चीवर उभा राहिला. खलनायक पकडला गेला तेव्हा न्हावी पाणी प्यायला आत गेला आणि बराच वेळ आला नाही. भाग अट्ठेचाळीस मिनिटांचा झाला.

मग यादी सुरू झाली. मी सगळ्यांना गप्प बसवून घड्याळ हातात घेतलं. दिग्दर्शिका बाईंचं नाव चार सेकंद. हेराचं तीन. कपडेवाल्यांचं दोन, मेकअपवाल्याचं दोन.

तुझं किती वेळ होतं ते सांगता येत नाही. घड्याळाकडे बघायचं राहून गेलं.

तुझा
दादा