वाढलेला मणी आणि भट्टी

१२ जानेवारी, रविवार

पुन्हा तेच! मणी माझ्यामुळे वाढला, म्हणून दादाचा पाय मोडला. किती वेळा ऐकू? आज फोनवर बोलून टाकलं, "आई, गाडीचा ब्रेक मी बनवला नव्हता!" तिने फोन ठेवला. आता आठवडाभर उचलणार नाही.

दादाच्या लग्नात वहिनीच्या मंगळसूत्राचे काळे मणी मी बनवलेले. सगळ्या वाडीत सांगत फिरत होती तेव्हा हीच आई — माझ्या पोराने डोंबिवलीत काचेचे मणी केले! मग एक दिवस वहिनी विहिरीवर कळशी उचलत होती आणि एक मणी ताडकन... 'तुटला' म्हणायचं नाही, 'वाढला' म्हणायचं. त्याच आठवड्यात दादाची बाईक घाटात घसरली. झालं! आईने दोन्हीची गाठ मारली.

पायाचं मला माहीत नाही. पण मणी माझ्यामुळेच वाढला, हे खरं. ते मी तिला पण सांगितलंय. गरम मणी मी राखेच्या डब्यात खुपसले आणि तासाभरात काढून बघितले. राहवलंच नाही. काच वरून गार होते, आत तिचा राग, म्हणजे ताण, तसाच राहतो. तो काढायला भट्टी लागते. पाचशे डिग्रीच्या आसपास ठेवायची, मग हळूहळू उतरवायची. आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेची काचेची नळकांडी बनतात, तिथे मोठी भट्टी आहे, पण शेठ रंगीत काच आत ठेवू देत नाही. "तुझे मणी माझ्या ब्युरेटला चिकटले तर तू भरशील?"

स्वतःची घ्यायची. ठरलं.

१४ जानेवारी

संक्रांत. वहिनीने फोटो पाठवला. काळी साडी, हातात तिळगूळ. माझे उरलेले मणी पण काढून ठेवलेले, गळ्यात नुसत्या दोन वाट्या, पिवळ्या दोऱ्यात! बाजारात मणी मिळत नाहीत का? विचारलं तर लिहिते — "मिळतात. पण मी तुमचेच घालणार भाऊजी. नीट करून द्या. हळदीकुंकवाला बायका विचारतात, मी सांगते, येतायत."

येतायत! कुठून येतायत? डब्यातून?



१९ जानेवारी, रविवार

चिराग आणि मी दिवसभर मोबाईलवर भट्ट्या बघितल्या. चिराग माझा रूममेट, फरसाणाच्या दुकानात असतो. काचेतलं त्याला काही कळत नाही, पण मत प्रत्येकावर आहे.

डोकं फिरलं. एक वरून उघडते, एक पुढून. एकीला नुसतं बटण — आपण बसून फिरवत राहायचं. एकीला प्रोग्राम — आकडे टाकले की ती आपली आपण चढते, थांबते, उतरते. मला प्रोग्रामवालीच पाहिजे. मी बटणाजवळ बसलो तर दहा मिनिटांत चहाला जाणार, स्वतःला ओळखतो मी.

आतून पण दोन जाती. एक विटांची, जाड, वजनदार. दुसरीत पांढरा कापसासारखा थर. हलकी, झटकन तापते. पुढे छोटं दार, सळईवरचा मणी गरम असतानाच आत सरकवायचा. एकदम मस्त! कल्याणचा एक विक्रेता देतो. मी दाराचा फोटो मोठा करून बघतोय तर चिराग म्हणतो, "अबे, भट्टी बघतोयस का पोरगी? दोन तास झाले, हो बोलून टाक ना!"

घरमालकाला विचारलं खोलीत विजेचा मोठा पॉइंट घालू का. "मीटर वेगळा घे आणि बिल्डिंग जाळू नकोस." म्हणजे हो.

२६ जानेवारी

सुट्टी. ठाण्याला गेलेलो. टेंभी नाक्याच्या मागे एक हेमालीताई आहेत, मातीकामाचे क्लास घेतात. त्यांची छोटी भट्टी विकायची आहे, असं शेठच्या ओळखीतून कळलेलं. विटांची निघाली. प्रोग्राम आहे, घरच्या लाइटवर चालते. पण वरून उघडणारी! मी म्हटलं, झाकण उचललं की सगळी गरमी वर जाणार, माझे मणी मेले. तर त्यांनी पुढची एक वीट ओढून दाखवली. कोणी विद्यार्थिनी काचेचं करायची, तिच्यासाठी फट कापलेली. सळई जाईल एवढी.

"आणि गार व्हायला?"

"संध्याकाळी बंद केली की दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायची."

"एवढा वेळ?!"

"घाई असेल तर काच कशाला करतोस? वडापावची गाडी टाक. गरम गरम विकायचं." आणि हसल्या. चहा मात्र चांगला दिला. निघताना म्हणाल्या, पहिली भट्टी आपल्यासारखी घेऊ नये, आपल्यात जे नाही ते तिच्यात बघावं.

हे सगळं बोलायला ठीक. मी कल्याणवालीच घेणार. हलकी. झटपट.

९ फेब्रुवारी, रविवार

दादा-वहिनी लांज्याहून आलेत. उद्या नौपाड्यात हाडाच्या डॉक्टरकडे दाखवायचं आहे. चिराग चार दिवस मामाकडे गेला. जाताना फरसाण ठेवून गेला, शहाणा आहे.

दादा वाळलाय. टेम्पो चालवणारा माणूस, दिवसभर पाय स्टुलावर. हसतो, पण हसून झालं की लगेच खिडकीकडे बघतो.

शेठकडून चावी घेऊन दोघांना कारखान्यात नेलं. वहिनीला ज्योतीवर मणी करून दाखवला. ती म्हणाली, मी करू? दादा म्हणतो, "कर कर. बोटं भाजली तर डॉक्टर उद्या आहेच, एका फीमध्ये दोघं!"

तिने सळई धरली आणि फिरवायला लागली. मी बघतच राहिलो. एक झटका नाही! मला ते फिरवणं जमायला अख्खा पावसाळा गेलेला. विचारलं, कुठे शिकलात? "कुठे काय. देवाच्या वाती वळते ना रोज. तसंच आहे."

मणी गोल. पहिलाच! दोन्ही बाजू सारख्या.

तिने चार केले, मी चार. राखेत ठेवले. मी थोड्या वेळाने डबा उघडायला गेलो तर ओरडली, "राहू द्या ना भाऊजी! भात शिजताना पण असं दर मिनिटाला झाकण काढता का?"

"काढतो," दादा म्हणाला. "लहानपणापासून. आईचा मार खाल्लाय त्यासाठी."

मी तरी माझे काढले. एक हातातच फुटला. तिने तिचे उद्यावर ठेवले.

१० फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले हाड जुळतंय, पण टेम्पो एवढ्यात नाही. दिवाळीनंतर बघू. दादा कठडा धरून जिना उतरला. खाली रिक्षात वहिनी म्हणाली, मी काहीतरी बघते. दादा म्हणाला, वाडीत काय बघणार तू? 

येताना कारखान्यात डबा उघडला. तिचे चारही मणी धड.

म्हणजे आजच्यापुरते धड. राखेचा भरवसा नाही, माझ्याइतकं कोणाला माहीत? वहिनी लगेच ओवायला निघालेली. मी नको म्हटलं. भट्टीतून निघाल्याशिवाय एकही मणी गळ्यात जाणार नाही. या वेळी नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्धा दिवस रजा टाकून कल्याणला. हलकी भट्टी चालू करून दाखवा म्हटलं, माझे मणी पण आत ठेवा. विक्रेता तयार. काय तापली! तोंडावर झळ आली. मी खिशात हात घातलेला, ॲडव्हान्स द्यायला —

लाइट गेली!

शुक्रवार. कसलीतरी दुरुस्ती. त्याने बॅटरीवरचा तापमानाचा मीटर लावून दाखवला तर आकडा धबाधबा खाली. जशी झटकन चढली तशीच झटकन उतरली. "रोज थोडीच जाते," तो म्हणाला. मणी काढले. दोन चिरलेले.

डोंबिवलीत शुक्रवारी जाते. पण लांज्यात? लांज्यात वारा सुटला तरी जाते.

हे लांजा मधेच कुठून आलं डोक्यात?

२२ फेब्रुवारी

काम नीट झालं नाही. एक कंडेन्सर वाकडा. शेठ ओरडला. डोक्यात वाती फिरतायत.

२ मार्च, रविवार

टेंभी नाका. हेमालीताईंना म्हटलं, चालू करा आणि मधेच मेन स्विच पाडा. त्यांनी विचित्र बघितलं, पण पाडला. बॅटरीच्या मीटरवर आकडा सरकतोय की नाही कळत नव्हतं! आम्ही चहा प्यायलो, त्यांच्या मुलांच्या परीक्षा ऐकल्या, मी त्यांच्या दोन बादल्या माती चाळून दिली. तरी आकडा सावकाश, एक एक पायरी उतरणाऱ्या म्हातारीसारखा. विटांनी गरमी धरून ठेवलेली.

"वडापावची गाडी नको का मग?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, भट्टी माझ्यासाठी नाही.

तोंडातून निघालं आणि मग मलाच कळलं.

३ मार्च

वहिनीला सांगितलं, हेमालीताईंची विटांची भट्टी घेतोय, लांज्याला, तुमच्यासाठी.  मग म्हणाली, "आणि तुम्ही?" मी म्हटलं, मी ब्युरेट वळतो, पगार येतो, माझं चाललंय. जुनी ज्योत, म्हणजे गॅसचा बर्नर, शेठ काढून टाकतोच आहे, ती आणि काचेच्या कांड्या पाठवतो. शिमग्याला येऊन सगळं जोडून देतो, गॅस कसा धरायचा ते दाखवतो. पहिले मणी तुमच्या गळ्यातले, ते तुम्हीच करा. पुढचे विका.

"आईंना कोण सांगणार?"

हां. ते आहेच.

जीव थोडा दुखतोय. ते छोटं दार फार आवडलेलं मला.

६ मार्च

आईचा फोन! स्वतःहून!

"मेल्या, घरात भट्टी आणतोस म्हणे?"

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"तू करणार असशील तर नको. ही करणार असेल तर आण. हिला दम आहे." आणि मग, "जेवलास काय रे?"

९ मार्च, रविवार

भट्टी सकाळी टेम्पोत चढली. दादाचा दोस्त नेतोय, विटा आहेत, सावकाश ने म्हटलं. वहिनीचा मेसेज — आईंनी पडवीतला झोपायचा माचा स्वतः ओढून बाजूला केला, जागा सारवली, आता वायरमनची वाट बघत उंबऱ्यात बसल्यात. पॉइंट आणि वायरिंगचे साडेसात हजार वहिनीला मोबाईलवरून पाठवायचे आहेत. नंबर बरोबर आहे का बघायला आधी एक रुपया टाकला. "आला," म्हणाली. आता उरलेले — सात हजार चारशे नव्याण्णव.