झाडूबाई आणि सवत

रविवार, ९ मार्च

सगळ्यात आधी आला दातवाला. म्हणजे दातांचा डॉक्टर, पण ते नंतर कळलं. दार उघडलं तर हा माझ्या तोंडाकडेच बघतोय! मला वाटलं, कवळी खपवायला आलाय. त्याच्या मागून बसवाली — खरीखुरी, शहरातली बस चालवणारी, दंड बघावेत तिचे! आणि शेवटी एक मिशीवाला. त्याला ते दोघं ‘फितूर’ म्हणून हाक मारत होते आणि तो बेशरम ओ देत होता.

“काकू, तुमच्याकडचा जुना कंप्युटर विकायचाय ना?” दातवाला म्हणाला.

लेकाचे उद्योग! वरची खोली रिकामी करून भाडेकरू ठेवायचाय त्याला. म्हणून सवतीचा फोटो काढून फोनवर जगजाहीर केला. मला विचारलं नाही, सवतीलाही नाही.

सवत म्हणजे ते मशीन. टाइपरायटरसारखी नुसती बटणं, बाकी अंगावर मांस नाही. टीव्ही जोडा, टेपरेकॉर्डर जोडा, मग बाईसाहेब बोलणार. आमच्या ह्यांनी स्कूटर विकून आणली होती. दुकानातून घरी येताना बसमध्ये सवत ह्यांच्या मांडीवर बसली आणि मी दांडा धरून उभी!

पण ह्या तिघांना सवत नकोच होती. असल्या सवती त्यांच्याकडे ढिगाने आहेत म्हणे. त्यांना हवी होती फोटोत शेजारी पडलेली कॅसेट. तिच्यावर ह्यांच्या कोंबडीपाय अक्षरात लिहिलंय — ‘दबक्या पावलांनी’. तेवढं वाचून सकाळी अंधारात निघून आले!

“हा खेळ कुणी बनवला, काकू?”

“आमच्या ह्यांनी.”

“भेटता येईल त्यांना?”

“वर गेलेत.”

बसवाली जिना चढायला लागली. तिला अर्ध्यातून परत बोलवावं लागलं. बिचारी लाजली. मला मात्र हसू आवरेना.

सोमवार, १० मार्च

काल बोटं दुखली म्हणून मुख्य गोष्ट राहूनच गेली. (डॉक्टरीणबाई म्हणते, आजी, रोज लिहा, बोटं आखडणार नाहीत. चौथी शिकलेल्या बाईला रोज काय सुचणार? आज भाजी महाग. उद्या भाजी महाग. पण आता बघा!)

तर, चहा दिला. बसवालीने जाकीट काढलं. आत बनियनवर चित्र — लहान लहान चौकोन जोडून केलेली बाई. डोक्यावर अंबाडा, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात झाडू.

“ही कोण गं?”

“ही झाडूबाई, आजी! खेळातली. एक माणूस दबक्या पावलांनी घरात शिरतो, त्याला जिना चढून वरच्या खोलीत जायचं असतं. आणि ही फिरत असते. दिसला की धावते. पकडलं की खेळ खलास!”

“भयंकर आहे,” दातवाला म्हणाला. “मी लहान होतो तेव्हा स्वप्नात यायची.”

“आमच्या मशीनवर असती तर आणखी भयंकर दिसली असती. रंग चांगले आमचे,” फितूर म्हणाला. बसवालीने त्याला कोपर मारलं. हा दुसऱ्या कंपनीच्या मशीनचा माणूस. कोणतं मशीन सरस म्हणून ह्या दोन टोळ्यांची शाळेपासून जुंपलीय. दोन्ही कारखान्यांना टाळं लागून जमाना झाला, ह्यांचं भांडण चालूच!

तेवढ्यात फितूराने बिस्किटाचा चुरा सांडला. मी उठले, झाडू घेतला, कमरेवर हात ठेवला आणि म्हटलं, पाय वर घ्या रे.

तिघांचे पाय वर. आणि तोंडं उघडी. दातवाल्याची नजर माझ्यावरून बनियनवर, बनियनवरून माझ्यावर.

अगं बाई! ती मी होते!

मला इतकं हसू आलं की कवळी हातात काढून घ्यावी लागली. आमच्या ह्यांनी कधीतरी कुणाला कॉपी करून दिली असेल, तिच्या कॉप्या होत होत आता कधी न पाहिलेल्या देशांत माणसं मला बघून जिन्याकडे पळतात! बनियनांवर मी, चहाच्या कपांवर मी! दातवाल्याच्या दवाखान्यात भिंतीवर मी! त्याच्या पेशंटांना मुळात कमी भीती वाटते का?

हसून झालं आणि मग मनात आलं — म्हणजे आमच्या ह्यांना मी अशी दिसायची? झाडू घेऊन मागे लागणारी?

आणि अजून एक. जिन्याच्या वर एक दार आहे, म्हणे. आजवर कुणाला उघडता आलेलं नाही. अख्ख्या टोळीने डोकं फोडून घेतलं. मागे काय आहे कुणालाच ठाऊक नाही. त्यांना वाटतं, त्यांच्या कॉप्या अर्धवट आहेत. अस्सल कॅसेट ही एकच.

माझ्या घरातलं दार, आणि मला पत्ता नाही! काय ठेवलंय त्यामागे माझ्यापासून लपवून? ते बघितल्याशिवाय सवत ह्या घरातून हलणार नाही. मग लेक उलटा लटकला तरी चालेल.

मंगळवार, ११ मार्च

लेकाचा फोन. “आई, विकलंस का ते?”

“नाही.”

“का?”

“मी आहे त्यात.”

फोन ठेवून दिला. करू दे विचार.

गुरुवार, १३ मार्च

वरची खोली झाडली. सवतीच्या अंगावरची धूळ पुसली. अजून ठणठणीत आहे मेली, माझे गुडघे गेले.

काय काय छळलंय हिने! मासिकात खेळ छापून यायचा, म्हणजे पानंच्या पानं नुसते आकडे. मी वाचायची, हे बटणं दाबायचे. एक आकडा चुकला की सगळं मुसळ केरात. आणि चूक नेहमी माझी! कॅसेट लागली की तिचं ते ओरडणं — शेपटीवर पाय पडलेलं मांजर बरं. तोवर मी मिक्सर लावायचा नाही, इस्त्री लावायची नाही, पाय आपटून चालायचं नाही. घरात पंखा एकच, त्याचं तोंड सवतीकडे. कारण तिचा तो वीज घेणारा काळा ठोकळा तापायचा. मी तापले तर कोण विचारतो!

बसवाली म्हणत होती, ह्या मशीनला डोकं एवढंसं. त्यात अख्खं घर बसवायचं म्हणजे एकेक ठिपका वाचवावा लागतो. “इथे उगाच काही नसतं, आजी.” ही पोरगी कारखाना बंद पडल्यावर जन्मली. बस चालवून घरी येते आणि त्या मशीनसाठी नवे खेळ बनवते. मी म्हटलं, लग्न? म्हणाली, जुन्या मशीनला सांभाळणारा भेटला तर.

आमचं भांडण झालं की हे स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपामागे जाऊन मासिक वाचत बसायचे. मोठा माणूस, पिंपामागे! आणि एक चप्पल हमखास बाहेर राहायची. मला ती दारातूनच दिसायची. पण म्हटलं, बसू दे घटकाभर. मग मी घरभर हिंडायची, “कुठे गेला हा माणूस” म्हणून मोठमोठ्याने विचारायची, जिना झाडायला घ्यायची. ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही! जन्मभर चष्म्याच्या दुकानात भिंगं घासली, लोकांना डोळे दिले, आणि स्वतःची चप्पल दिसली नाही.

रविवार, १६ मार्च

आले! ह्यावेळी झाडूबाईचं एक बनियन माझ्यासाठी. साडीवरून घातलं. घट्ट झालं, पण काढलं नाही.

दातवाल्याने खिशातून दात कोरायचा आकडा काढला आणि टेपरेकॉर्डरचं तोंड साफ केलं. “आ करा” तेवढं म्हणायचं राहिलं. आवाज फाटका येत होता, म्हणून ह्यांचा चष्म्याचा बारका पेचकस मीच आणून दिला. एक स्क्रू जरासा फिरवायचा असतो, हे रोज करायचे. मांजर नीट ओरडायला लागलं. तिघं श्वास धरून. मी सवयीने मिक्सरचा प्लग काढून आले.

आणि टीव्हीवर माझं घर! जिना तो, खिडकी ती, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. आणि मी. ठुमकत चाललेय. चाल अगदी माझी, तेव्हाची, गुडघे शाबूत असतानाची.

आधी बसवाली खेळली. काय पळते! दारापाशी गेली, दार बंद. मग दातवाला. दार बंद. फितूर दुसऱ्याच खोलीत मेला.

“आता काकू!”

बसवालीने बटणांवर कागदाचे तुकडे चिकटवले — वर, खाली, उचल. मी निघाले. स्वयंपाकघरात ओट्यावर भरलेला कप ठेवलेला. मी उचलला.

“टाका, टाका! तो सापळा आहे!” तिघं एकदम. कप हातात असला की माणूस हळू चालतो, सांडू नये म्हणून. आणि झाडूबाई गाठते. म्हणून कुणीही कपाला हात लावत नाही, ही ह्यांची अक्कल!

“टाकू काय! चहा गार होतोय दिसत नाही का?”

तरी मला टाकायचं बटणही सापडेना. आणि जिन्यावरून मीच धावत आले, झाडू उगारून. फितूराने डोळे मिटले. दातवाला म्हणाला, “पळा, काकू!”

मी कशाला पळू? मला काय माझी भीती?

झाडूबाई समोर आली. थांबली. झाडू भिंतीला टेकवला. कप घेतला. आणि जिन्याच्या पायरीवर बसली!

फितूराने डोळे उघडले. म्हणाला, “एवढंच? एवढंच होतं?”

एवढंच होतं. रोज संध्याकाळी दुकानातून आले की हे चहा करून माझ्या हातात द्यायचे आणि मग हळूच वर सटकायचे, सवतीकडे. माझा चहा पिऊन होईपर्यंत मी उठत नाही, हे त्यांना पक्कं माहीत. मेल्यांनो, बाईला बघून नुसते पळत सुटलात, चहा म्हणून कुणी विचारला नाहीत!

तिकडे वरचं दार उघडलं. पण आत काळं. आणि ओळ आली — ‘कॅसेटची दुसरी बाजू लावा.’

दातवाला मटकन खाली बसला. दुसरी बाजू कुणी कधी कॉपीच केली नव्हती! ती कोरी समजून सगळ्यांनी सोडून दिलेली. बाजू पालटली, मांजर ओरडायला लागलं — आणि अर्ध्यात चित्र गोठलं. ठोकळा तव्यासारखा तापला होता. पंखा लावायचं भानच नव्हतं कुणाला.

दातवाला तर रडायलाच लागला. एवढा मोठा डॉक्टर! मी पदराने डोळे पुसले त्याचे.

पुन्हा लावू म्हटलं तर नको म्हणाला, मशीन जळेल. त्यांच्यातला एकजण घरी बसून नवे ठोकळे बनवतो, तो आणतो. “तोवर हात लावू नका, काकू.”

“छे छे,” मी म्हटलं.

सोमवार, १७ मार्च

हात लावला नाही.

मंगळवार, १८ मार्च

लेक येऊन गेला. म्हणाला, भाडेकरू तयार आहे, एक तारखेला येतो. मी बनियन घालून दार उघडलं होतं. ही कोण, म्हणाला. मग सगळं सांगितलं त्याला. “बाबांनी तुला भूत केलं?” म्हणाला आणि असा हसला की ह्यांचीच आठवण आली. जाताना स्वतःच म्हणाला, भाडेकरूला थांबायला सांगतो. पण दारामागे काय आहे ते आधी मला सांग.

सगळ्यांना तेच हवंय. मला तर अन्न गोड लागत नाही. दारामागे दुसरी एखादी बाई निघाली म्हणजे? बिनझाडूची?

गुरुवार, २० मार्च

नाही धरवला धीर. पंख्याचं तोंड ठोकळ्याकडे केलं, मी घामाघूम, अगदी पहिल्यासारखी. पंखा हलवू दिला नाही कुणाला, म्हणजे मलाच. कप दिला. दार उघडलं. बाजू पालटली. मांजर पुरतं ओरडलं.

आत खोली नाही, बाई नाही. तेच आपलं घर. फक्त आता आपण झाडूबाई असतो. बटण दाबलं की अंबाडा हलतो! आणि शोधायचं ह्यांना.

शोधायला काय लागतंय. स्वयंपाकघर. पिंप. पिंपामागून बाहेर आलेली चप्पल. एकच.

आणि बसवाली म्हणते, इथे उगाच काही नसतं.

म्हणजे लबाडाला ठाऊक होतं! तेव्हापासून सगळं ठाऊक होतं!

पकडलं की खेळ खलास. मी पिंपासमोरून सरळ पुढे गेले. “कुठे गेला हा माणूस,” मोठ्याने म्हटलं. आणि जिना झाडायला घेतला.

तिघं रविवारी येतो म्हणालेत. तोवर बसू दे.